छोट्या पिल्लाचे खाण्याचे नखरे

शहरांतील सदनिकांमध्ये राहणारी कुटुंबे पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, डॅशहुंड, चिहुआहुआ अशा लहान चणीच्या श्वानांना पसंती देतात. पिल्लू घरी आल्यावर काही दिवसांतच एक तक्रार मात्र हमखास ऐकू येते, ती म्हणजे ‘आमचे पिल्लू काही खातच नाही.’ वाडग्यातील खाद्य हुंगून ते पाठ फिरवते; पण घरची मंडळी जेवायला बसली की ताटाशेजारी ठाण मांडते. मग कोणी तुपात भिजवलेला पोळीचा तुकडा पुढे करतो, कोणी चहातले बिस्किट देतो. चार दिवसांनी खाद्याचा ब्रँड बदलला जातो, आठवड्याने तोही नकोसा होतो. लहान जातीच्या पिल्लांच्या बाबतीत हा केवळ लाडाचा विषय राहत नाही. उपासमार आणि असमतोल आहार या दोन्हींचा परिणाम त्यांच्या इवल्याशा शरीरावर फार लवकर होतो.

गरज किती आणि मिळते किती?

पिल्लू खरोखरच कमी खाते का, हे आधी तपासले पाहिजे. श्वानाच्या वजनाचा (किलोग्रॅममध्ये) ०.७५ घात काढून त्याला ७०ने गुणले असता विश्रांतीच्या अवस्थेत लागणारे उष्मांक मिळतात. वाढत्या पिल्लाला चार महिन्यांच्या वयापर्यंत याच्या साधारण तिप्पट आणि त्यानंतर सुमारे दुप्पट उष्मांक लागतात. या हिशेबाने दोन किलो वजनाच्या, पाच-सहा महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला सुमारे २३५ उष्मांक पुरतात.

आता एका साध्या मारी बिस्किटात साधारण २५ उष्मांक असतात. सकाळ-संध्याकाळच्या चहाच्या वेळी घरातील चौघांनी एकेक बिस्किट दिले, तरी १०० उष्मांक झाले. म्हणजे दिवसभराच्या गरजेचा ४० टक्क्यांहून अधिक भाग केवळ मैदा आणि साखरेने भरून निघाला. अशा पिल्लाने वाडग्याकडे पाठ फिरवली तर त्याला नखरेल म्हणता येणार नाही. त्याचे पोट भरलेले असते. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. या पिल्लासाठी ही मर्यादा एका बिस्किटाहूनही कमी भरते.

उपाशी ठेवण्याचा धोका

‘भूक लागली की आपोआप खाईल’ हा सल्ला अनेक जण देतात. मोठ्या जातीच्या, पूर्ण वाढलेल्या आणि निरोगी कुत्र्याच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. लहान जातीच्या, विशेषतः तीन-चार महिन्यांपेक्षा लहान पिल्लांच्या बाबतीत मात्र तो घातक ठरू शकतो. त्यांच्या यकृतात शर्करेचा साठा अत्यल्प असतो, स्नायूही कमी असतात आणि शरीराच्या मानाने मेंदूची गरज मोठी असते. काही तास पोटात अन्न न गेल्यास रक्तातील साखर झपाट्याने खाली येते. पिल्लू मलूल होते, चालताना झोकांड्या खाते, थरथरते. पुढे झटके येऊन बेशुद्धही पडते.

अशी लक्षणे दिसताच मध किंवा ग्लुकोजचे पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळावे, पिल्लाला उबदार कपड्यात गुंडाळावे आणि तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात कोणताही द्रव ओतू नये. तो श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. हा प्रसंग टाळण्यासाठी तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार, सहा महिन्यांपर्यंत तीन आणि त्यानंतर किमान दोन वेळा खायला द्यावे. चिहुआहुआसारख्या अतिलहान जातींना रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे देणे हिताचे असते.

दूध-पोळी आणि चिकन-भात

मराठी घरांत पिल्लासाठी पहिला पदार्थ ठरलेला असतो, तो म्हणजे दूध-पोळी. कुत्र्याला धान्य पचतच नाही, असे सांगणारेही भेटतात. परंतु ते खरे नाही. स्वीडनमधील उप्सला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक आढळतात. माणसाच्या सहवासात राहून कुत्रा शिजवलेले धान्य पचवू लागला आहे.

प्रश्न पचनापेक्षा पोषणाचा आहे. दूध-पोळीतून वाढीसाठी लागणारी प्रथिने, स्निग्धांश आणि खनिजे योग्य प्रमाणात मिळत नाहीत. शिवाय दूध सोडलेल्या अनेक पिल्लांना दुधातील शर्करा नीट पचत नाही आणि जुलाब होतात. नुसता चिकन-भातही तितकाच अपुरा आहे. पिल्लाच्या आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसइतके किंवा त्याच्या दुपटीपर्यंत असावे लागते. हाडे काढलेल्या मांसात मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटींहून अधिक असतो. रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते. हाडे ठिसूळ होतात आणि सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीनेही पाय मोडू शकतो. ‘रोज कोवळे ऊन दाखवतो’ हा यावर उपाय नाही, कारण कुत्र्याच्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. ते आहारातूनच मिळावे लागते. स्वतःच्या मनाने कॅल्शियमचे औषध सुरू करणेही योग्य नाही. त्याचा अतिरेकही हाडांना अपाय करतो.

म्हणूनच पिल्लांसाठीचे, ‘संपूर्ण व समतोल’ असा उल्लेख असलेले खाद्य सोयीचे ठरते. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या निकषांनुसार, वाढत्या पिल्लांच्या खाद्यात पाण्याचा अंश वगळता किमान २२.५ टक्के प्रथिने आणि ८.५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. लहान जातींसाठीच्या खाद्याचे दाणे बारीक असतात आणि थोड्या घासांत अधिक उष्मांक मिळतात. घरचेच अन्न द्यायचे असल्यास शिजवलेले चिकन, मासे किंवा अंडी, भात, गाजर वा लाल भोपळा आणि थोडे तेल हा पाया ठीक आहे. पण त्यात कॅल्शियम व इतर पोषक घटक किती घालायचे, हे पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावे. शाकाहारी कुटुंबांनी तर हा सल्ला अवश्य घ्यावा.

नखरे की आजार?

पिल्लाने खाणे नाकारले की आधी आजाराची शक्यता पडताळावी. जंत, ताप, पोटाचा संसर्ग ही नेहमीची कारणे आहेत. चार ते सात महिन्यांच्या काळात दुधाचे दात पडून कायमचे दात येतात, तेव्हा हिरड्या दुखतात. लहान जातींमध्ये दुधाचे दात न पडता तसेच राहण्याचे प्रमाणही अधिक असते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात भूक मंदावते. अशा वेळी पहाटे आणि उन्हे उतरल्यावर खाणे द्यावे. उलट्या, जुलाब, मलूलपणा किंवा वजनातील घट दिसल्यास, तसेच छोट्या पिल्लाने लागोपाठ दोन वेळचे खाणे नाकारल्यास वाट पाहू नये.

पिल्लू खेळते, बागडते, वजनही वाढते आहे आणि फक्त वाडगा नाकारते, तर सवय बदलावी लागेल. खाण्याच्या वेळा आणि जागा ठरवून घ्याव्यात. कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवलेल्या दाण्यांना वास सुटतो आणि ते चावायलाही मऊ होतात. वाडगा १५ ते २० मिनिटे ठेवावा आणि नंतर मुकाट्याने उचलावा. त्याऐवजी दुसरा चविष्ट पदार्थ देऊ नये. पुढचे खाणे मात्र ठरल्या वेळी, उशीर न करता द्यावे. खाद्य बदलायचेच असेल, तर सात ते दहा दिवसांत जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत बदलावे. घरातील एकानेही ताटातून घास दिला, तर बाकीच्यांची शिस्त वाया जाते. आजी-आजोबांना आणि मुलांना हे विश्वासात घेऊन समजावणे, हाच या उपायाचा सर्वांत अवघड भाग असतो.

ताटातील घास टाळण्यास आणखीही कारण आहे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. द्राक्षे आणि शिऱ्यातील बेदाणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधील झायलिटॉल हे तर विषच आहे. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या आतड्यात रुततात. अवघ्या दोन किलोच्या जिवाला यांची अल्प मात्राही महागात पडते.

पिल्लू किती खाते यापेक्षा ते कसे वाढते, याकडे लक्ष असावे. दर आठवड्याला एकाच दिवशी वजन करून वहीत लिहावे. पिल्लू लहान असताना स्वयंपाकघरातील वजनकाटाही चालतो. हलका हात फिरवल्यावर बरगड्या जाणवाव्यात. पण उठून दिसू नयेत. लसीकरणासाठी जाताना ही वही सोबत न्यावी. वजनाची रेषा वर जात असेल, तर वाडग्यात उरलेल्या चार दाण्यांची चिंता करण्याचे कारण नाही. ती थांबली किंवा खाली वळली, तर मात्र नवे खाद्य शोधण्याआधी पशुवैद्यकाला दाखवावे.