घरातल्या समुद्राचे मीठ मोजताना

कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी गाठायची तर सुमारे १३० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. तरीही कोल्हापुरातल्या एखाद्या घरात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत समुद्री मासे, तारामासे आणि समुद्रफुले पाळता येतात. विशेष मिश्रक्षार शुद्ध पाण्यात विरघळवले की समुद्राचे पाणी घरी तयार होते. प्रश्न पाणी तयार करण्याचा नसून ते मोजण्याचा आहे. भूगोलाच्या पुस्तकात 'सागरजलाची सरासरी क्षारता ३५ दरहजारी' हे वाक्य आपण नेहमी शिकवतो. पण समोरच्या टाकीतले पाणी ३५ आहे, ३१ आहे की ३९, हे ठरवायचे कसे?

हा प्रश्न टाकीतल्या जिवांच्या दृष्टीने जीवनमरणाचा आहे. समुद्रातल्या अस्थियुक्त माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एक-तृतीयांश असतात. परासरणामुळे त्याच्या शरीरातले पाणी सतत बाहेर जाते. ते भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. माशाजवळ निदान ही यंत्रणा तरी आहे. ताराmाशाजवळ तीही नाही. त्याच्या शरीरातील द्रव बाहेरच्या पाण्याइतकाच खारट असतो. म्हणून क्षारता एकाएकी बदलली की पहिला बळी त्याचा जातो.

काचेची नळी काय सांगते?

आमच्या टाकीत आम्ही आरंभी काचेचा तरंगता हायड्रोमीटर वापरला. पाण्याचे तापमान २८ अंश सेल्सिअस होते आणि वाचन कमी दिसत होते, म्हणून आम्ही क्षार वाढवले. दोन दिवसांत तारामासा मलूल झाला. चूक उपकरणाची नव्हती. त्याच्या पट्टीवर बारीक अक्षरांत '१५ अंश' असे छापलेले होते, तिकडे आमचे लक्ष गेले नव्हते.

३५ क्षारतेच्या पाण्याच्या एका लिटरचे वस्तुमान १५ अंशांना सुमारे १०२६ ग्रॅम भरते. २८ अंशांना ते सुमारे १०२२.४ ग्रॅम असते. मीठ तेवढेच राहते, पण पाणी प्रसरण पावल्याने घनता उतरते. १५ अंशांसाठी आखलेली नळी २८ अंशांच्या पाण्यात बुडवली, तर क्षारता सुमारे चार एककांनी कमी दिसते. म्हणजे पाणी मुळात ३५ असताना आम्ही ते ३१ समजलो आणि ३९ वर नेऊन ठेवले!

उसाच्या फडातले उपकरण

आपल्या भागातील ऊस उत्पादकांना हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर नवा नाही. रसाचे दोन थेंब काचेवर टाकून, उजेडाकडे धरून ब्रिक्स पाहतात आणि ऊस तोडणीला आला की नाही ते ठरवतात. खाऱ्या पाण्यासाठी मिळणारे उपकरण याच तत्त्वावर चालते. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक २० अंशांना १.३३३० असतो, ३५ क्षारतेच्या समुद्रजलाचा १.३३९४. हेच समुद्रजल उसाच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवले, तर तो साडेचारच्या आसपास ब्रिक्स दाखवील. पाण्यात साखरेचा कण नसताना!

यातून मुख्य मुद्दा लक्षात येतो. उपकरण साखर मोजत नाही आणि मीठही मोजत नाही. ते फक्त प्रकाश किती वाकला ते मोजते. त्या वाकण्याचे नाव पट्टी आखणाऱ्याने ठरवलेले असते. बाजारातले अनेक 'क्षारता' रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या, म्हणजे सोडियम क्लोराइडच्या द्रावणासाठी आखलेले असतात. समुद्राच्या पाण्यात मात्र मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम आणि पोटॅशियमही असतात. त्यामुळे ३५ क्षारतेचे समुद्रजल अशा पट्टीवर ३६.५ दिसते.

ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळवणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. शून्यावर बरोबर असलेली पट्टी ३५ वर चुकू शकते. म्हणून जिथे मोजायचे, तिथेच उपकरण तपासावे. त्यासाठी प्रयोगशाळेतील कोरडे सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि ऊर्ध्वपातित पाणी ९६३.५ ग्रॅम घ्यावे. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ क्षारतेच्या समुद्रजलाइतका असतो. उपकरण या द्रावणावर ३५ दाखवील असे जुळवून घ्यावे. तराजू ०.१ ग्रॅमपर्यंत वाचणारा असावा. एक ग्रॅमची चूक म्हणजे क्षारतेत जवळजवळ एका एककाची चूक. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे थेंबाचे आणि काचेचे तापमान एक होते.

शिरोळच्या मातीचा धडा

शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनींची समस्या आपल्या जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. माती-परीक्षणाच्या अहवालात 'ईसी', म्हणजे विद्युतवाहकता दिलेली असते. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानतात. त्याच मापाने ३५ क्षारतेच्या समुद्रजलाची वाहकता २५ अंशांना सुमारे ५३ भरते.

सागरशास्त्रज्ञही आज क्षारता वाहकतेवरून काढतात. चॅलेंजर जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत गोळा केलेल्या ७७ नमुन्यांचे डिटमार यांनी पृथक्करण केले. पाणी कमी खारट असो वा जास्त, त्यातील मुख्य घटकांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ कायम असते, हे त्यांनी १८८४ मध्ये दाखवले. म्हणूनच एका गुणधर्मावरून सर्व क्षारांचा अंदाज करता येतो. १९७८ च्या व्यावहारिक क्षारता मापनक्रमात एक किलोग्रॅम द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड हे प्रमाण मानले गेले. १५ अंशांना या द्रावणाइतकी वाहकता ज्या समुद्रजलाची, त्याची क्षारता ३५.

मातीसाठीचे किंवा पिण्याच्या पाण्यासाठीचे लहान मापक बहुधा ५३ पर्यंत पोचत नाहीत. मग पाणी दहापट सौम्य करून वाचनाला दहाने गुणावे, असे विद्यार्थी सुचवतील. तसे करून पाहू द्यावे. उत्तर ६० च्याही वर येते. सौम्य द्रावणात आयन एकमेकांना कमी अडवतात, म्हणून वाहकता सरळ प्रमाणात उतरत नाही. शिवाय तापमान एक अंशाने वाढले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते.

शाळेतली बाटली

सर्वांत विश्वासू साधन बहुतेक शाळांच्या कपाटात पडून असते: विशिष्ट गुरुत्वाची बाटली. ती कोरडी असताना, ऊर्ध्वपातित पाण्याने भरून आणि टाकीच्या पाण्याने भरून, अशी तीनदा तोलावी. दोन्ही पाणी एकाच तापमानाचे असले पाहिजे. दोन्ही वजनांतून रिकाम्या बाटलीचे वजन वजा करून भागाकार काढावा. २५ अंशांना तो १.०२६४ आला तर क्षारता ३५. क्षारतेच्या प्रत्येक एककामागे सुमारे ०.०००७५ चा फरक पडतो. या रीतीची गंमत अशी, की भागाकारात तापमानाचा परिणाम जवळजवळ निघून जातो. ३० अंशांनाही उत्तर १.०२६२ येते. ५० मिलिलिटरच्या बाटलीत एका एककाचा फरक म्हणजे ०.०४ ग्रॅमहून किंचित कमी. तेव्हा तराजू ०.०१ ग्रॅमचा हवा.

रोजचा हिशेब

१०० लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज दोन लिटर पाण्याची वाफ झाली, तर पाच दिवसांत ९० लिटर उरते. मीठ मात्र तेवढेच राहते, आणि क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ होते. म्हणून घट भरताना शुद्ध पाणीच घालावे, खारे नव्हे. समुद्रावरून पाणी आणायचे असेल, तर पावसाळ्यात खाडीच्या मुखाजवळून आणू नये. तिथे नदीच्या पाण्याने क्षारता फार उतरलेली असते.

वर्गात एकाच टाकीचे पाणी चार गटांना चार साधनांनी मोजू द्यावे. चार उत्तरे वेगळी आली तर फळ्यावर ती चारही लिहावीत आणि कोणते बरोबर हे लगेच सांगू नये. प्रत्येक गटाने आपले साधन नेमके काय मोजते, किती तापमानाला आणि कशाच्या आधारे तपासले, एवढे सांगावे. आमच्या तारामाशाला आम्ही तीन दिवस थोडेथोडे शुद्ध पाणी घालून ३५ वर परत आणले, तो वाचला. त्या नळीवरची बारीक अक्षरे आता आम्ही विद्यार्थ्यांना सर्वांत आधी वाचायला लावतो.