रब्बी: पदवी आणि पोट
रब्बी म्हटलें कीं आमच्या भिवंडीच्या व्यापाऱ्यांस गहूं-हरभरा आठवेल. परंतु यहुदी लोकांत ही विद्वानांची पदवी होय. हिब्रू भाषेंत तिचा अर्थ ‘माझे गुरु’. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ती रूढ झाली. जुन्या रब्बींत कोणी जोडे शिवी, कोणी लोहारकाम करी. बाराव्या शतकांतील मायमोनिदीस हा वैद्यकीवर जगला, व विद्येच्या नांवावर दान खाणें त्यानें निंद्य ठरविलें.

कोंकणांतील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत व शनिवार पाळीत, म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्यांत रब्बी नव्हते. धर्मविधि काजी चालवीत. १८७९ सालीं ठाण्यास त्यांचें प्रार्थनामंदिर झालें.

मग पूर्ण वेळ शिकविणाऱ्यानें खावें काय? यहुदी शास्त्र्यांनीं तोड काढली ती व्यापाऱ्यांस सहज पटावी: विद्येचें मोल घेऊं नये, बुडालेल्या धंद्याची भरपाई घ्यावी.

आमच्याकडे कळसासाठीं हात सैल सुटतो, आणि पाठशाळेंतील गुरुजींचें वेतन मात्र थकतें. मग सणावारीं त्यांच्या हातीं दक्षिणा ठेवून आपण पुण्य जोडतों! देणें खातेवहींत लिहून महिन्याचे महिन्यास चुकतें करावें. गुरूस याचक करणारा समाज विद्येसही याचक करितो.