बांधासाठी चिखल काढताय? आधी खाडीचा तळ बघा



पाऊस तोंडावर आलाय आणि खारेपाटात बांधबंदिस्तीची घाई सुरू आहे. दोन-तीन सभासदांनी एकच प्रश्न विचारला आहे: "बांधाच्या बाहेरच्या अंगाला खाडीचा चिखल पडलेलाच आहे. पोकलेन लावून तोच बांधावर घेतला तर चालेल का? मातीचा खर्च वाचेल, जागाही साफ होईल."

उत्तर 'नको' असं आहे. पण नुसतं नको म्हटलं की कोणी ऐकत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो. मेसेज मोठा आहे, दुपारी निवांत वाचा.

आपल्याला खाडीचा तळ म्हणजे सगळा एकच चिखल वाटतो. माशाच्या पिल्लाला तसं वाटत नाही. ते कुठेही बसत नाही, जागा निवडतं.

जिताड्याचंच घ्या. मोठा जिताडा खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. अंडी आणि अगदी बारीक पिल्लं पाण्यावर तरंगत असतात. मग ती भरतीबरोबर आत सरकतात. खाडीत येणाऱ्या बऱ्याच माशांच्या आणि कोळंबीच्या पिल्लांची एक युक्ती असते. भरती लागली की तळापासून वर उठायचं आणि पाण्याबरोबर आत जायचं. ओहोटी लागली की तळाला बसायचं, म्हणजे परत बाहेर फेकलं जायला नको. पोहायची ताकद नसलेला जीव असा फुकटच्या गाडीने मैलोन्‌मैल आत येतो. तळ कामाला येतो तो इथून.

आता लेप बघा. लेप वाळूत किंवा चिखलात अंग पुरून राहतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. अंग आणि पर हलवून तो तळाची माती आपल्यावर उडवून घेतो. फक्त डोळे बाहेर. पण पिल्लू नखाएवढं असेल तर जाड रेतीचा दाणा त्याला हलतच नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या खाड्यांमधल्या अशाच एका चपट्या माशावर संशोधकांनी प्रयोग केले. त्याच्या पिल्लांना बारीक गाळापासून जाड रेतीपर्यंत वेगवेगळे तळ दिले. साधारण दीड इंचाच्या आतली पिल्लं बारीक गाळावर गेली, त्याहून मोठी जाड रेतीकडे गेली. ज्या तळात अंग पुरता येत नाही, तो तळ सगळ्यांनीच टाळला. मजेची गोष्ट पुढे आहे. नको असलेल्या तळातही जिवंत शिंपले ठेवले, तेव्हा त्यातली मोठी पिल्लं आपली आवड सोडून तिकडे गेली. पोटापुढे कुणाचं चालतं!

आपल्यातले जे भाताचा राब करतात त्यांना हे लगेच कळेल. रोपाला आधी बारीक, भुसभुशीत माती लागते आणि मग लावणीचं शेत वेगळं असतं. खाडीतही राब वेगळा आणि शेत वेगळं. फक्त तिथे लावणी करायला कोणी येत नाही, पिल्लू स्वतःच उठून जातं. त्यासाठी दोन्ही जागा जवळजवळ असाव्या लागतात.

सगळेच मासे अंग पुरत नाहीत. जिताड्याचं पिल्लू मुळांच्या, काटक्यांच्या आडोशाला उभं राहतं आणि समोरून जाणाऱ्या बारीक कोळंबीवर झडप घालतं. तिवरांची चिखलातून वर आलेली काड्यांसारखी मुळं त्याला, बोयच्या पिल्लांना आणि इतर कितीतरी पिल्लांना उपयोगी पडतात. ऑस्ट्रेलियात मोरटन बे इथे संशोधकांनी कांदळवनासारखे खोटे आडोसे करून पाण्यात ठेवले. ज्या आडोशांवर शेवाळ आणि बारीक जीव चिकटले होते, तिथे पिल्लं जास्त आली. कोऱ्या काड्यांकडे तेवढी आली नाहीत. टाकीत मोठा शिकारी मासा सोडला की बारीक पिल्लं काड्यांत शिरायची. थोडी मोठी झालेली मात्र आडोसा सोडून उघड्या चिखलावर चरायला जायची, कारण तिथे त्यांना खाणं चांगलं मिळतं.

म्हणजे पिल्लाला आडोसा हवा आणि खाणंही हवं, आणि अंग जसं वाढतं तशी दोन्हींची मापं बदलतात.

खाणं कुठे असतं ते तुम्ही स्वतः बघू शकता. ओहोटी पूर्ण लागली की बांधावर उभे राहा. उन्हात चिखलावर सोनेरी-तपकिरी साय दिसते. ती घाण नाही, डोळ्यांना सुटी न दिसणारी बारीक वनस्पती आहे. बोय तीच खाते. किडे, बारीक शिंपले, कोळंबीची पोरं सगळी त्या सायीवर जगतात आणि जिताडा त्यांच्यावर. साय फक्त वरच्या पातळ थरात असते, कारण तिला ऊन लागतं. खाली बोट घातलंत तर काळा चिखल लागतो.

पोकलेनचा बकेट हा वरचा थर पहिल्या फटक्यात उचलतो. मागे राहतो खड्डा. त्यात पाणी साचतं, पाला कुजतो, सडक्या अंड्याचा वास येतो. पिल्लं तिथे टिकत नाहीत. शिवाय उतार जातो. उथळ, पसरट उतारावर गुडघाभर पाण्यात मोठा मासा सहसा येत नाही, म्हणून पिल्लू तिथे निर्धास्त असतं. खोल चर खणलात की शिकाऱ्याला बांधापर्यंत रस्ता मिळाला.

बांधाचंही बघा. पायथ्याशी चर मारला की पायाच मोकळा होतो. आणि लाटेचा मार आधी तिवरं खातात, मग बांध. खांड पडली तर एका उधाणात खारं पाणी शेतात, भात गेलं. तीन ट्रॉली माती वाचवण्याच्या नादात हा सौदा परवडणारा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग माती आणायची कुठून? या दिवसांत बरेच जण जिताड्याचे तलाव उपसतात. तो गाळ बांधावर घ्या. थबथबीत असताना टाकू नका, दोन-चार दिवस सुकू द्या, मग थर देऊन चोपा. आतल्या बाजूची माती घेणार असाल तर बांधाच्या पायथ्यापासून लांब घ्या. खांड पडलीच आणि बाहेरचाच चिखल घ्यावा लागला, तर मुळं नसलेल्या उघड्या जागेतून, फावड्याने, थोडा इथून थोडा तिथून, वरवर घ्या. सलग चर नको. तिवराला हात लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला बंदी केली आहे आणि त्याच्या भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामही चालत नाही. मशीन आणण्याआधी विचारून घ्या, नंतर धावपळ नको.

तलाववाल्यांसाठी एक. पावसात उघाडीपाशी जिताड्याचं बी सापडतं, ते याच पट्ट्यात वाढलेलं असतं. तलावात सोडताना एका मापाचं सोडा. लहान-मोठं एकत्र टाकलं की मोठं लहानाला गिळतं, आणि मग 'बी खराब निघालं' असं आपण म्हणतो. पहिले काही महिने अधूनमधून माप लावून मोठी पिल्लं वेगळी काढत राहा.

अजून एक, जाता जाता. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. पावसाच्या सुरुवातीला खाडीत खूप मोठा जिताडा लागला तर ती बहुतेक अंड्यावरची मादीच. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमच्या बांधाबाहेरच्या पट्ट्याचा ओहोटीच्या वेळचा एक फोटो इथे टाका. सोबत गावाचं नाव आणि माती किती लागणार ते लिहा. ज्यांच्याकडे तलावाचा गाळ जास्तीचा आहे त्यांनीही कळवा, जवळच्या सभासदांशी गाठ घालून देऊ. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज चालेल.