मोटारीची कॉइल आणि समुद्रकांठचा पावसाळा

आषाढ लागला कीं अलिबाग-मुरूड रस्त्यावर एक दृश्य हमखास दृष्टीस पडतें. रात्रभर पावसांत उभी राहिलेली एखादी लहान मोटार सकाळीं सुरू तर होते, पण तिच्या इंजिनाला जणूं उचकी लागलेली असते. सपाटीवर ती कशीबशी चालते; चढ आला कीं गुदमरते. घरधन्यास मांडव्याची बोट गांठावयाची असते. ती निघून जाते. गॅरेजमध्यें उत्तर मिळतें, "कॉइल गेली." सावधगिरी म्हणून तिन्ही कॉइल बदलल्या जातात, बरेच पैसे मोजले जातात, आणि महिन्याभरांत नव्यांपैकीं एक पुन्हां निकामी होते. मग दोष मालाच्या माथीं मारला जातो. वस्तुतः कॉइल आपण होऊन क्वचितच मरते. बहुधा तिला दुसरें कांहीं तरी मारीत असतें. तें शोधल्यावांचून केलेला खर्च पाण्यांत गेला असेंच समजावें.

कॉइलचें काम थोडक्यांत सांगतां येण्याजोगें आहे. मोटारीची बॅटरी अवघी १२ व्होल्टची. आणि सिलिंडरांत दाबल्या गेलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणांतून ठिणगी उडवावयाची, तर वीस-तीस हजार व्होल्टचा दाब लागतो. ही उडी साधते ती मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविलेल्या तत्त्वामुळें. लोखंडी गाभ्याभोवतीं जाड तारेचे कांहीं शें फेरे व बारीक तारेचे हजारों फेरे गुंडाळलेले असतात. जाड तारेंतून प्रवाह सोडला कीं गाभ्यांत चुंबकत्व येतें. तो प्रवाह एकाएकीं तोडला कीं तें चुंबकत्व कोसळतें आणि बारीक तारेंत प्रचंड दाब उत्पन्न होतो. जोरानें वाहणारा नळ झटकन् बंद केला असतां भिंतींतला पाईप कसा धाडकन् वाजतो, तें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस हा प्रकार सहज उमजेल. ठिणगी प्रवाह चालू असतांना उडत नाहीं, तो तुटतांना उडते.

वीज व चुंबक यांचें हें नातें अलिबागला अपरिचित नाहीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें कुलाबा वेधशाळेंतील नाजूक चुंबकसूच्या बिघडतील, म्हणून डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं १९०४ सालीं तें काम समुद्रापलीकडे अलिबागेस हलविण्यांत आलें. इमारतीसाठीं लोखंडाचा अंश नसलेला दगड मुद्दाम निवडण्यांत आला. ज्या गोष्टीचा वेधशाळेनें एवढा धसका घेतला, तिच्याच जोरावर आज त्या गांवच्या मोटारी धांवतात.

बॅटरी, कॉइल व प्रवाह तोडणारे पॉइंट ही योजना अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें १९१० च्या सुमारास रूढ केली. पुढें कित्येक दशकें तीच चालली. प्रीमिअर पद्मिनींत काय, किंवा डिसेंबर १९८३ मध्यें अवतरलेल्या मारुति ८०० मध्यें काय, एकच कॉइल असे आणि डिस्ट्रिब्यूटर पाळीपाळीनें प्रत्येक प्लगला ठिणगी वांटीत असे. पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. परंतु हौशी घरांतून अशा गाड्या अद्याप जपलेल्या आढळतात. त्यांच्या धन्यांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, इंजिन बंद आणि किल्ली मात्र चालू अशी गाडी ठेवूं नये. पॉइंट मिटलेले असल्यास प्रवाह अखंड वाहतो आणि कॉइल तापून फुटूंही शकते.

ऑल्टो के-१० सारख्या अलीकडच्या तीन सिलिंडरांच्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर गेला आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आली. मिनिटास तीन हजार फेऱ्यांच्या वेगानें चालतांना यांतील प्रत्येक कॉइल सेकंदाला पंचवीस ठिणग्या देते. व्यवस्था उत्तम खरी. पण कॉइल आतां इंजिनाच्या माथ्यावरच्या उष्णतेंत, खोल खळग्यांत जाऊन बसली.

आतां तिच्या शत्रूंकडे वळूं. पहिला शत्रु झिजलेला प्लग. प्लगच्या दोन टोकांमधील फट सुमारें एक मिलिमीटर असते. ती झिजून वाढली कीं ठिणगीस अधिक दाब लागतो. तो कॉइलला पुरवावा लागतो, आणि एके दिवशीं ठिणगी प्लगऐवजीं कॉइलचें वेष्टणच भेदून बाहेर पडते. शेंपन्नास रुपये वांचविण्यासाठीं प्लग लांबणीवर टाकणारे हजारों रुपयांची कॉइल गमावतात, ती अशी. दुसरा शत्रु पाणी, आणि समुद्रकांठीं तें खारट. मिठाचा थर हवेंतील ओल शोषून घेतो व विजेस आडवाट करून देतो. जोडणीच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात. नागांव-किहीमच्या पुळणीवरून परतल्यावर गाडी धुणें योग्यच. परंतु उत्साहाच्या भरांत इंजिनावर जोराचा फवारा मारणारे लोक खळग्यांत पाणी भरून ठेवतात. तिसरा शत्रु तेल. इंजिनाच्या झांकणाचें गॅस्केट पाझरूं लागलें कीं तेल खळग्यांत उतरतें आणि कॉइलचें रबर फुगवितें. पावसाळ्यांत ऊब शोधीत येणाऱ्या आणि तारा कुरतडणाऱ्या उंदरांचा उल्लेख न केल्यास त्यांजवर अन्यायच होईल.

इंजिनाचा पिंवळा दिवा लुकलुकूं लागला, तर गाडी दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराड्याच्या वाटेवरील शुद्धीकरणाच्या डब्यांत जाऊन पेटतें, आणि तो डबा कॉइलपेक्षां कितीतरी महाग आहे.

परीक्षा सोपी आहे. गाडीच्या संगणकास यंत्र जोडलें कीं कोणतें सिलिंडर चुकतें तें कळतें. पी ०३०२ म्हणजे दुसरें. मग दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर व पहिल्याची दुसऱ्यावर बसवावी, जुनी नोंद पुसावी आणि गाडी फिरवून आणावी. आंकडा पी ०३०१ झाला, तर कॉइलच दोषी. तो पूर्ववत् राहिला, तर तिला निर्दोष मानून प्लग, तारा व पेट्रोलची पिचकारी यांकडे वळावें. ही अदलाबदल केल्याविना नवी कॉइल घेण्यास कोणीही सांगितलें, तरी ऐकूं नये. चालत्या इंजिनावर तारा उपटून पाहण्याची जुनी रीत तर नव्या गाड्यांत सर्वथा वर्ज्य होय. हातास जबर धक्का बसतो आणि संगणकही दगावूं शकतो.

बदलण्याचें काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावें. किल्ली काढून बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी. प्लास्टिकची खिट्टी उष्णतेनें ठिसूळ झालेली असते, ती हलक्या हातानें दाबावी. बोल्ट काढून कॉइल किंचित् पिळावी व सरळ वर ओढावी; तारेस धरून कधींही ओढूं नये. खळगा वाऱ्यानें स्वच्छ केल्यावरच प्लग उघडावा, नाहींतर कचरा सिलिंडरांत पडतो. प्लगचें टोंक फिकट तपकिरी असल्यास ठीक. ओलें वा काजळलेलें असल्यास ठिणगी चुकत होती. नवा प्लग प्रथम बोटांनींच फिरवावा, कारण ॲल्युमिनमचे आटे एकदां कापले गेले कीं खर्चास सीमा नाहीं. रबराच्या तोंडास आंतून सिलिकोन ग्रीसचा पुसटसा हात द्यावा, म्हणजे खारी ओल शिरत नाहीं. कॉइल घेतांना जुनीवरील क्रमांक जुळवून पाहावा. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट मालाचा सुळसुळाट आहे.

तिन्ही एकदम बदलण्याची गरज सहसा नसते. एक बदलावी, तिच्यावर तारीख व किलोमीटर लिहावे, आणि एक जास्तीची विकत घेऊन डिकींत कोरड्या पिशवींत ठेवावी. मग आगरदांड्याच्या जेट्टीवर रात्रीं गाडी अडली, तरी एक दहा नंबरचा पाना आणि एक विजेरी पुरते.