सहीपुरती अक्षरं

ब्राझीलच्या फुटबॉलचा विषय निघाला की हा खेळ त्यांच्या रक्तातच आहे, असं हमखास म्हटलं जातं. कौतुक मनापासूनचं असतं, पण त्यात मोठा अन्याय आहे. पिढ्यान्‌पिढ्या भांडून मिळवलेली गोष्ट त्यामुळे निसर्गाची देणगी ठरते. मुळात फुटबॉल तिथे आला तो साहेबी खेळ म्हणून. साओ पावलोत जन्मलेला चार्ल्स मिलर इंग्लंडमधलं शिक्षण आटोपून १८९४ मध्ये परतला, तेव्हा त्याच्या सामानात चेंडू आणि नियमांचं पुस्तक होतं. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. सुटलेल्यांच्या हाती ना जमीन आली होती ना पाटी-पेन्सिल. बड्यांच्या क्लबात त्यांना कोण घेणार?

रिओतल्या वास्को द गामा क्लबने त्यांना घेतलं. गोव्यातल्या वास्को शहराला ज्या दर्यावर्दीचं नाव आहे, त्याच्याच नावाचा हा पोर्तुगीज वस्तीतला क्लब. कृष्णवर्णीय, मिश्रवंशीय आणि कामकरी खेळाडूंच्या जोरावर त्याने १९२३ मध्ये शहराचं अजिंक्यपद पटकावलं. पुढच्याच वर्षी प्रतिष्ठित क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली: यायचं असेल तर बारा खेळाडू वगळा. वर्णाचं नाव उघडपणे कुणी घेतलं नाही. पोटापाण्याला काय करतो, लिहिता-वाचता येतं का, एवढंच विचारलं गेलं. पत्रकार मारियो फिल्यो यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात या काळाचं तपशीलवार चित्र रेखाटलं आहे. मैदानात भल्याभल्यांना चकवणारा गडी सामन्याच्या कागदापुढे सहीसाठी बसून आपल्या नावाची अक्षरं जुळवतो आहे. क्लबने त्यासाठी त्याला शिकवणी लावली आहे. वास्कोच्या अध्यक्षांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्र लिहून कळवलं, की या बारा जणांना सोडून आम्ही येणार नाही. पुढे १९२७ मध्ये क्लबने साओ जानुआरियो हे स्वतःचं मैदान उभारलं, तेही लोकवर्गणीतून.

याच मैदानात १ मे १९४० रोजी राष्ट्राध्यक्ष जेतुलियो वार्गास यांनी किमान वेतनाची घोषणा केली. कामगारांपर्यंत पोचायचं तर फुटबॉलच्या मैदानातून, हे त्यांनी अचूक हेरलं होतं. पण वर्षभरातच, एप्रिल १९४१ मध्ये, त्यांच्याच सरकारने ‘स्त्रीस्वभावाशी विसंगत’ खेळ बायकांना बंद केले, आणि फुटबॉल त्यांतलाच मानला गेला. ही बंदी उठली १९७९ मध्ये. त्यानंतर सात वर्षांनी अलागोआस राज्यातल्या दोइस रियाशोस या गावी फुटबॉलपटू मार्ताचा जन्म झाला. विश्वचषकांत तिने १७ गोल केले. तेव्हा तेवढे कोणत्याही पुरुषालाही जमलेले नव्हते. रक्ताचाच प्रश्न असता, तर ते बायकांच्या अंगात चाळीस वर्षं थांबलं होतं का?

यावर एक रास्त आक्षेप येतो: फुटबॉल ही लोकांना गुंगवणारी अफू आहे. १९७० चा विश्वचषक ब्राझीलमधल्या तेव्हाच्या लष्करी राजवटीने आपल्या प्रचारासाठी पुरेपूर वापरला, हे खरंच आहे. पण त्याच राजवटीच्या अखेरच्या वर्षांत कोरिंथियन्स क्लबात सोक्रातिस, व्लादिमीर, कासाग्रांदे या खेळाडूंनी मतदानाने कारभार चालवला. सराव कधी, सामन्याआधी हॉटेलात अडकून राहायचं की नाही, सगळं मतांवर. आणि साहित्य सांभाळणाऱ्याचं मत कर्णधाराच्या मताइतकंच मोलाचं. नोव्हेंबर १९८२ च्या निवडणुकीआधी ‘१५ तारखेला मतदान करा’ असं पाठीवर छापून ते मैदानात उतरले. मैदान सत्तेचंही होतं आणि सत्तेला प्रश्न विचारणाऱ्यांचंही. ते कुणाच्या हाती आहे, यावरच सगळं ठरत आलं.

म्हणूनच मला विजयांपेक्षा रिओच्या माराकाना मैदानातली ‘जेराल’ महत्त्वाची वाटते. मैदानाला लागून उभं राहायची ही जागा. तिकीट सर्वांत स्वस्त, आणि सखल भाग असल्याने दिसायचे ते मुख्यतः खेळाडूंचे पाय. तरीही मोलमजुरी करणारा माणूस तिथे हक्काने यायचा. सुरक्षितता आणि सोयीसाठी ती २००५ मध्ये बंद झाली. चेंगराचेंगरीची भीती खोटी नव्हती. पण नव्या खुर्च्यांबरोबर तिकिटांचे दरही वाढले, आणि कडेला उभा राहणारा तो माणूस आता सामना घरी टीव्हीवर बघतो. २०२७ मध्ये महिलांचा विश्वचषक ब्राझीलमध्ये, याच माराकानातही, खेळला जायचा आहे. तेव्हा त्याच्या मुलीला आत जागा मिळेल का?