सैन्यातील वैद्यकीय सेवा : आपले दार कोणते?

सैन्यात जायचे, पण ओढा बंदुकीपेक्षा औषधपेटीकडे, अशी मुले आपल्या विदर्भात दरवर्षी भेटतात. कुणी कामठीच्या छावणीतले लष्करी इस्पितळ बाहेरून पाहिलेले असते, कुणाचा चुलता वैद्यकीय दलातून पेन्शन घेऊन गावी आलेला असतो. मग एक दिवस मुलाचे वडील शाळेत येतात आणि विचारतात, "गुर्जी, पोराले मिलिटरीत डाक्टर बनवाचं हाय. भरती कई हाय?" गुरुजी भले गृहस्थ. ते वर्तमानपत्र चाळतात आणि भरतीची तारीख सांगून मोकळे होतात.

श्रोतेहो, प्रश्न साधा दिसतो, पण त्यात एक मोठी गफलत आहे. भरतीच्या मैदानावर धावून कुणी डॉक्टर होत नाही. तिथे जो निवडला जातो तो नर्सिंग असिस्टंट होतो. ते काम मानाचे आहे, पण ते डॉक्टरचे नव्हे, आणि पुढे कितीही वर्षे चाकरी केली तरी ते डॉक्टरचे होत नाही. लष्कराच्या वैद्यकीय सेवेला निरनिराळी दारे आहेत. प्रत्येक दाराच्या आत स्वतंत्र जिना आहे. एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर उडी मारता येत नाही. म्हणून कोणत्या दाराने जायचे ते आधी ठरवावे लागते. आणि हे ठरवण्याची वेळ भरतीच्या दिवशी येत नाही, ती अकरावीला विषय निवडताना येऊन गेलेली असते.

याचे मूळ जुने आहे. इंग्रजी अमदानीत गोऱ्या व थोड्या हिंदी डॉक्टर अधिकाऱ्यांची 'इंडियन मेडिकल सर्व्हिस' निराळी होती, दुय्यम वैद्यकीय नोकरांचे 'इंडियन मेडिकल डिपार्टमेंट' निराळे होते आणि इस्पितळातल्या परिचारक शिपायांचे 'इंडियन हॉस्पिटल कोअर' निराळे. दुसरे महायुद्ध चालू असताना, ३ एप्रिल १९४३ रोजी, या तिन्ही शाखा एकत्र करून सैन्याचे एकच वैद्यकीय दल उभे राहिले. त्याचे केंद्र लखनौला आहे. छप्पर एक झाले खरे, पण आतले जिने वेगळेच राहिले. डॉक्टरकी ही पदवीची गोष्ट असल्यामुळे दुसरे काही होणेही शक्य नव्हते.

आता पहिले दार, डॉक्टरचे. बारावीनंतर थेट या दाराने जायचे तर पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोक ज्याला ए.एफ.एम.सी. म्हणतात ते. ही संस्था १९४८ साली स्थापन झाली आणि बारावीनंतरच्या मुलांसाठी तेथे वैद्यकीय पदवीचे वर्ग १९६२ साली निघाले. प्रवेशासाठी देशभराची 'नीट' परीक्षा द्यावी लागते. पण नुसती नीट देऊन भागत नाही. नीटच्या निकालानंतर केंद्रीय समुपदेशनाच्या वेळी या महाविद्यालयासाठी वेगळी पसंती नोंदवावी लागते. ती न नोंदवणाऱ्याला चांगले गुण असूनही बोलावणे येत नाही. बोलावणे आले तर पुण्यात इंग्रजी व तर्कशक्तीची आणखी एक चाचणी होते, मग मुलाखत, मग शरीरतपासणी. उमेदवार अविवाहित हवा. बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण हवी. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ६० टक्के, व इंग्रजीत निदान ५० टक्के गुण हवेत. मुलींनाही प्रवेश आहे, पण त्यांच्या जागा मुलांपेक्षा पुष्कळ कमी. शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि त्याच्या मोबदल्यात सेवेचा करार लिहून घेते. हा करार घरी सर्वांनी वाचून मगच सही करावी. मधूनच सोडून जायचे म्हटले तर भरावी लागणारी रक्कम शेतकऱ्याच्या घराला पेलणारी नसते.

पुण्याला जमले नाही म्हणजे हे दार कायमचे बंद झाले असे मात्र समजू नये. नागपूरच्या मेडिकलला, मेयोला किंवा कोणत्याही मान्य महाविद्यालयात एम.बी.बी.एस. करून, इंटर्नशिप संपवून, मग लष्करात अल्पमुदतीच्या कमिशनवर जाता येते. ही मुदत सुरुवातीला ५ वर्षांची असते व पुढे वाढवून घेता येते. आधी डॉक्टर, मग सैनिक, असा हा क्रम. युद्धाच्या ठिकाणी जाऊन जखमींची सेवा करणारे डॉक्टर आपल्याकडे याच क्रमाने घडले आहेत. १९३८ साली चीनला जे पाच डॉक्टरांचे हिंदी वैद्यकीय पथक गेले, त्यात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते काही सैन्यात भरती झालेले नव्हते, स्वेच्छेने गेले होते. कोटणीस तर १९४२ साली तिकडेच वारले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघर माहीत आहे. चोळकरांचे नाव नागपुरात तरी मुलांना सांगावे.

दुसरे दार परिचारिकेचे. लष्करी परिचर्या सेवेचा उगम १८८८ सालचा. त्या साली इंग्लंडहून आलेल्या दहा परिचारिका मुंबईला उतरल्या. आज या सेवेतल्या परिचारिका म्हणजे अधिकारी असतात. खांद्यावर लेफ्टनंटचे तारे घेऊन त्या रुजू होतात. बारावी विज्ञान झालेल्या मुलींना लष्कराच्या सहा नर्सिंग महाविद्यालयांत चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम करता येतो. त्यांतली दोन आपल्याच राज्यात आहेत, एक पुण्याला आणि दुसरे मुंबईला नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात. येथेही आता नीटचे गुण पाहतात. आपल्याकडे 'नर्सबाई' म्हटले की काही आईबाप नाक मुरडतात. त्यांना एवढेच सांगायचे की, लेफ्टनंट मुलीला इस्पितळातले जवान सॅल्यूट करतात. हे दार आजवर फक्त मुलींसाठी राहिले आहे.

मुलींचा विषय निघाला म्हणून सांगतो. पुण्याच्या त्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. म्हणजे पहिल्या दाराचा जिना कुठवर जातो याचा अंदाज येतो.

आता तिसरे दार, आणि आपल्या खेड्यांतील बहुतेक मुले याच दारापाशी येतात. नर्सिंग असिस्टंट. हा शिपाई म्हणून भरती होतो, लखनौला आधी सैनिकी आणि मग इस्पितळातले शिक्षण घेतो, आणि नायक, हवालदार, सुभेदार असा चढत जातो. त्याचे काम काय? जखमेवर पट्टी बांधणे, रक्त थांबवणे, सुई टोचणे, सलाईन लावणे, ताप-नाडीची नोंद ठेवणे, अंथरुणावरच्या रुग्णाचे मलमूत्र उचलणे आणि वेळ आली की स्ट्रेचर खांद्यावर घेऊन डोंगर उतरणे. पुढे कुणी शस्त्रक्रियागृहात मदतनीस होतो, कुणी रक्तपेढीत, कुणी क्ष-किरण यंत्रावर. दूरच्या चौकीवर डॉक्टर नसतो तेव्हा पहिला हात याचाच असतो. जखमी माणूस तिथून रेजिमेंटच्या डॉक्टरकडे, तिथून फील्ड हॉस्पिटलकडे, मग मागच्या इस्पितळाकडे जातो. या साखळीतली पहिली कडी नीट बसली नाही, तर पुढच्या सर्जनचे कसब फुकट जाते.

कोरियाच्या युद्धाचे उदाहरण घ्या. भारताने तिथे लढणारी पलटण पाठवली नाही, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पाठवली. १९५० च्या नोव्हेंबरात ती तिथे उतरली. मार्च १९५१ मध्ये अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर तिच्यातल्या एका छोट्या तुकडीनेही विमानातून उड्या घेतल्या आणि खाली उतरून शस्त्रक्रिया केल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. त्या पथकात डॉक्टर थोडे आणि परिचारक जवान पुष्कळ होते. तंबू ठोकणे, भांडी उकळणे, रक्ताच्या बाटल्या धरून उभे राहणे ही कामे त्यांचीच. जिनिव्हा कराराप्रमाणे वैद्यकीय जवानाने शत्रूच्या जखमीलाही तसेच उपचार द्यायचे असतात, हेही मुलाला आधी सांगून ठेवावे. काहींना ते जड जाते.

आणि लढाई नसते तेव्हा? तेव्हा मच्छर. हसू नका. गडचिरोलीच्या श्रोत्यांना मलेरिया काय चीज आहे हे सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर गोळीपेक्षा आजाराने निकामी झालेले सैनिक कितीतरी पटींनी जास्त होते. साचलेले पाणी, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, संडास यांवर नजर ठेवणे हे वैद्यकीय दलाचे रोजचे काम आहे. ज्याला रोज तेच तेच काम चोख करण्याचा कंटाळा आहे, त्याने या दाराने जाऊ नये.

या दाराला लागणारी पात्रता शिक्षकांनी कान देऊन ऐकावी. वय साडेसतरा ते २३. बारावी विज्ञान, त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेतच. एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात निदान ४० टक्के. खरी मेख इथे आहे. आपल्या बोर्डाची पास व्हायची मर्यादा ३५ आहे. इंग्रजीत छत्तीस गुण घेऊन मुलगा पेढे वाटतो; पण या भरतीला तो चालत नाही, आणि हे त्याला कळते ते फॉर्म भरताना. दुसरी मेख जीवशास्त्राची. अकरावीत गणित ठेवून जीवशास्त्र सोडले, त्याच्या जागी दुसरा काही गुण देणारा विषय घेतला, की हे दार, पुण्याचे दार आणि नर्सिंगचे दार अशी तिन्ही दारे एकदम बंद होतात. विषयाच्या रकान्यात कॉलेजचा बाबू एक खूण करतो आणि पोराला पत्ताही नसतो.

२०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हापासून बहुतेक जवान ४ वर्षांसाठी अग्निवीर म्हणून घेतले जातात व त्यांतील जास्तीत जास्त पाव हिस्सा पुढे कायम होतो. नर्सिंग असिस्टंटची भरती मात्र या योजनेबाहेर, नेहमीच्या सेवेची म्हणून होत आली आहे. हा फरक फार मोठा आहे. मैदानावर गर्दीत "जनरल ड्यूटीचा फॉर्म भर, आत गेल्यावर मेडिकलला बदलून घे" असे सांगणारे पुष्कळ असतात. तसे बदलून मिळत नाही. पैसे घेऊन बदलून देतो म्हणणारा तर सरळ ठक समजावा.

डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेल्यांसाठी 'शिपाई फार्मा' अशी वेगळी भरती असते. वय १९ ते २५ आणि राज्याच्या औषधव्यवसायी परिषदेत नोंदणी हवी. दंतवैद्यांचे दल वेगळे आहे. आणि जनावरांच्या डॉक्टरांनाही सैन्यात जागा आहे, हे नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या पोरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. सैन्याची खेचरे व कुत्री यांची काळजी घेणारे रिमाउंट व्हेटरनरी दल अल्पमुदतीवर पशुवैद्य घेते.

आता पेन्शनीनंतरची गोष्ट. नर्सिंग असिस्टंट गावी परततो, लोक त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणू लागतात, कुणी रात्री-बेरात्री ताप घेऊन दारात येतो. हात शिवशिवतात. पण नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणे हा १९६१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि एखाद्या इंजेक्शनने उलटे झाले तर तीस वर्षांचे नाव एका दिवसात जाते. त्याचे ज्ञान गावाला उपयोगी आहेच; साप चावला, बाई अडली, ट्रॅक्टरखाली पाय गेला, तर रुग्ण सुखरूप तालुक्याला कसा न्यायचा हे त्याच्याइतके कुणाला येणार? बाहेर नोकरी करायची असेल तर सैन्यातले प्रमाणपत्र कोणत्या कामाला चालते, हे निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधीच सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

शेवटी शरीरतपासणीविषयी. पुष्कळ मुले धावतात उत्तम आणि बाद होतात ती कानातल्या मळावर, किडक्या दातांवर, पोटऱ्यांच्या फुगलेल्या शिरांवर किंवा रंगांधळेपणावर. रंगांधळेपणाला उपाय नाही, तो आधी कळला तर वर्षे तरी वाचतात. बाकीच्यांपैकी बरेच काही सहा महिने आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवले तर सुधारते. अंगावरच्या गोंदणाचाही नियम आहे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या पाठीवर असलेले चालते, इतरत्र चालत नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाची सवलत आहे. तेव्हा माडिया-गोंड मुलाने गोंदणामुळे घरी बसू नये. आणि बाकीच्यांनी यात्रेत दंडावर नाव गोंदवून घेण्यापूर्वी दोन वर्षे थांबावे.