स्वरांचा प्रस्तार आणि वर्गातील गणित



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा विषय गणित. आजच्या विवेचनासाठी मी निवडलेला प्रश्नही त्यांच्याच फळ्यावरचा आहे. ‘मला गाणे येते, पण गणित येत नाही,’ असे जे मूल स्वतःविषयी ठरवून बसते, त्याला आपण काय द्यावे? दहावीच्या उंबरठ्यावर गणिताने ज्यांची वाट अडवली, अशी कितीतरी मुले मी पाहिली. त्यांतील काही तबल्यावर, काही भजनात टाळ धरून, मात्रांचा हिशेब अचूक सांभाळत. मोजणे त्यांना येत होते. आपण मोजतो आहोत, ही जाणीव त्यांना कोणी करून दिली नव्हती.

आरंभ अगदी साध्या गोष्टीपासून करता येतो. वर्गाचे दोन गट करावेत. एकाने तीनतालाच्या १६ मात्रा मोजाव्यात, दुसऱ्याने त्याच लयीत झपतालाच्या १०. दोघे एकाच समेवरून निघाले, तर पुन्हा एकत्र समेवर केव्हा येतील? ८० मात्रांनंतर, तीनतालाची ५ आणि झपतालाची ८ आवर्तने पुरी झाल्यावर. लघुतम साधारण विभाज्य हे अवजड नाव मग सांगावे. नावाआधी अनुभव आला, की नावाची भीती वाटत नाही.

दुसरे उदाहरण छंदाचे. लघू अक्षराची मात्रा एक, गुरूच्या दोन. तर ५ मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? शेवटचे अक्षर लघू असेल, तर आधी ४ मात्रा उरतात. गुरू असेल, तर ३. म्हणून ५ मात्रांचे प्रकार म्हणजे ४ मात्रांचे आणि ३ मात्रांचे प्रकार यांची बेरीज. या रीतीने १, २, ३, ५, ८, १३ अशी मालिका उभी राहते. विरहांक या छंदःशास्त्रज्ञाने हा नियम सातव्या शतकाच्या आसपास सांगितला. बाराव्या शतकात आपल्या गुजरातेतील पाटणच्या आचार्य हेमचंद्रांनी तो पुन्हा मांडला. इटलीतील फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा. मालिका मात्र जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आता मुख्य उदाहरणाकडे वळतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा प्रमुख होता. घराणे मूळचे काश्मीरचे. या हिशेबनीसाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्याच सिंघणाच्या पदरी ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता, हे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून कळते. गणित आणि संगीत एकाच राजाच्या आश्रयाने नांदत होते.

शार्ङ्गदेवापुढचा प्रश्न असा: सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन किती ताना होतील? दोन स्वरांच्या २, तीन स्वरांच्या ६, चार स्वरांच्या २४. पुढे १२०, ७२० आणि सातांच्या ५०४०. आपण याला क्रमगुणित म्हणतो. परंतु तो संख्येवर थांबला नाही. सर्व ताना ठराविक क्रमाने मांडण्याची, म्हणजे प्रस्ताराची, रीत त्याने दिली. तीन स्वरांचा प्रस्तार पाहा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. शेवटच्या स्थानी आधी ग दोनदा, मग रे दोनदा, मग सा दोनदा.

यातून दोन सुंदर प्रश्न निघतात. दिलेली तान कितवी, हे ‘उद्दिष्ट’; दिलेल्या क्रमांकाची तान कोणती, हे ‘नष्ट’. चार स्वरांतील ‘सामरेग’ घ्या. शेवटी ग आहे. म्हणजे शेवटी म असलेल्या ६ ताना मागे पडल्या. ग बाजूला ठेवला की ‘सामरे’ उरते. तिच्या शेवटी रे आहे. म्हणजे शेवटी म असलेल्या २ मागे पडल्या. उरलेले ‘साम’ मूळ क्रमातच आहे. ६ आणि २ मिळून ८. म्हणून ही तान नववी. उलट, सतरावी तान हवी असेल, तर आधीच्या १६ तानांमधून सहाचे दोन गट काढावेत. शेवटचा स्वर रे ठरतो. उरलेल्या ४ मधून दोनचे दोन गट जातात. त्याआधीचा स्वर सा. बाकी शून्य, म्हणून ‘गम’ सरळ क्रमात. उत्तर: ‘गमसारे’. २४ ताना लिहून पडताळा घ्यावा.

माझ्या वर्गात प्रार्थना सांगणारी एक मुलगी गणिताच्या तासाला मान वर करीत नसे. हा प्रस्तार फळ्यावर मांडला, तेव्हा एक तान दोनदा लिहिली गेली आहे, हे तिने गुणगुणून सर्वांआधी ओळखले. क्रमगुणिताचे सूत्र त्यानंतर तिला पाठ करावे लागले नाही.

येथे दोन पथ्ये सांगणे अगत्याचे वाटते. पहिले इतिहासाचे. १६३६ साली फ्रान्समध्ये मर्सेन याने सहा स्वरांच्या ७२० रचना लिहून काढल्या. शार्ङ्गदेव त्याच्या चार शतके आधीचा. हे अभिमानाने सांगावे, पण ‘सर्व काही आपल्याकडेच होते’ या आरोळीसाठी नव्हे. ग्रंथात नियम असतो. तो का खरा, हे मुलांनी स्वतः शोधायचे असते. दुसरे पथ्य संगीताचे. ५०४० ताना मोजता येतात, म्हणून त्या सर्व गाण्याजोग्या होत नाहीत. राग निवड करतो. गणित निवडीचे अंगण किती मोठे आहे ते दाखवते.

१८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली संगीतशाळा सुरू करणाऱ्या या बडोद्यात ही जोड अवघड वाटू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे गातात, वाजवतात, त्यांना माझी विनंती आहे: महिन्यातून एक तास शाळेला द्यावा आणि त्या तासाला गणिताच्या शिक्षकांशेजारी उभे राहावे. टाळी त्यांनी द्यावी, फळा शिक्षकांनी सांभाळावा. मोजण्याचे काम मुले आपण होऊन करतील.